आज नाव नाही



आपलं विष्णुपुरी गाव गोदावरीच्या काठावर आहे. पुस्तकात तिचं नाव गोदावरी आहे, पण आपल्याकडं सगळे तिला गंगा म्हणतात. "गंगेला पाणी आलं", "गंगेवर गेलती" असंच आपण बोलतो. म्हणून मी पण गंगाच लिहिणार आहे.

माझे आबा म्हणजे आजोबा नाव चालवतात. जाळं टाकतात, आणि कुणाला पल्याड जायचं असलं तर सोडून येतात. गुरुजी मला म्हणाले, "या वेळच्या भित्तिपत्रकात तू नावेवर लिही. पाणी आणि वारा धोक्याचा कधी होतो ते आबांना विचार. राहिलेलं मी सांगतो." म्हणून हा लेख लिहिला आहे. यातलं अर्धं आबांचं आहे, पाव गुरुजींचं आहे आणि पाव माझं आहे.

आधी एक खरी गोष्ट सांगते.

मे २०२५ मध्ये माझ्या मामाचं लग्न होतं. मामाचं गाव पल्याड आहे. रस्त्यानं जायचं तर पुलावरून लांबचा फेरा पडतो. नावेनं लवकर पोचतो. हळदीच्या दिवशी चार वाजता आम्ही अकरा जण काठावर गेलो. माय, काका, काकू, आत्या आणि आम्ही लेकरं. आहेराच्या पिशव्या होत्या, एक मोठी पाटी होती. मी नवा फ्रॉक घातला होता. पाणी ताटात ठेवल्यासारखं शांत होतं. फार उकडत होतं.

आबांनी पाण्याकडं बघितलं. मग मावळतीकडं बघितलं. तिकडं खाली काळा आणि वर पांढरा असा एक ढग होता. आबांनी सोडलेला दोर परत खुंटीला बांधला आणि म्हणले, "आज नाव नाही."

काका म्हणले, "आबा, वारा कुठं हाय? पान हलंना."

आबा म्हणले, "पान हलंना म्हणूनच नाही."

सगळे लई बोलले. मायनं पण विनवलं. आबा काठावर बसून राहिले, उठलेच नाहीत. शेवटी टेम्पो बघून आम्ही रस्त्यानं गेलो. पोचलो तर हळद लागून गेली होती. माय मामाच्या गळ्यात पडून रडली. मी आबांशी दोन दिवस बोलले नाही.

आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी वारा आलाच नाही. ढग आला तसा निघून गेला. काका महिनाभर सगळ्यांना सांगत होते, "आबा आता भ्यायला लागले."

मला पण तसंच वाटलं होतं. आता तसं वाटत नाही. का वाटत नाही, ते पुढं वाचा.

पाणी

नावेला पहिला धोका पाण्याचा. आपल्याकडं पाऊस नसला तरी गंगेला पूर येतो. गुरुजींनी नकाशावर दाखवलं. गंगा नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरजवळ निघते. तिथून ती पैठणला येते. पैठणला जायकवाडीचं मोठं धरण आहे, त्याच्या पाण्याला नाथसागर म्हणतात. त्याला २७ दरवाजे आहेत. पुढं सिंदफणा आणि पूर्णा या नद्या गंगेला मिळतात. सिंदफणेवर माजलगावचं धरण आहे. पूर्णेवर येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणं आहेत. या सगळ्यांचं सोडलेलं पाणी आपल्याकडं येतं. म्हणजे पाऊस नाशिकला पडतो आणि नाव विष्णुपुरीत बुडू शकते. त्या दिवशी आपल्या डोक्यावर लख्ख ऊन असतं.

आपल्या गावाजवळ बंधारा आहे. त्याला १८ दरवाजे आहेत. पाणी जास्त झालं की दरवाजे उघडतात. उघडले की दोन धोके होतात. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला पाणी दरवाजाकडं ओढ घेतं. वर शांत दिसतं, पण नाव हळूहळू तिकडं सरकते. खालच्या अंगाला पाणी पडून उसळतं आणि गोल फिरतं. तिथं सापडलेलं लाकूडसुद्धा लवकर बाहेर येत नाही. म्हणून आबा बंधाऱ्याच्या जवळ दोन्ही अंगाला नाव नेत नाहीत.

बातम्यांत "इतके क्युसेक पाणी सोडले" असं सांगतात. क्युसेक म्हणजे काय? एका सेकंदात एक घनफूट पाणी. एक घनफूट म्हणजे सुमारे २८ लिटर, साधारण दोन घागरी. "एक" म्हणेपर्यंत दोन घागरी पाणी गेलं की एक क्युसेक झाला. आता एक लाख क्युसेक म्हणजे किती? दर सेकंदाला दोन लाख घागरी! शाळेची काळी टाकी एक हजार लिटरची आहे. तशा २,८०० टाक्या एका सेकंदात. मी हे गणित दोनदा करून बघितलं. गुरुजींनी बरोबर दिलं.

नांदेडला जुन्या पुलाजवळ गंगेची पातळी मोजतात. तिथं ३५१ मीटर ही इशारा पातळी आहे आणि ३५४ मीटर ही धोका पातळी आहे. आमच्या वर्गातला एक मुलगा म्हणाला, "बापरे, ३५४ मीटर खोल पाणी!" सगळे हसले, पण मला पण तसंच वाटलं होतं. गुरुजींनी सांगितलं, ही खोली नाही. ही समुद्राच्या पाण्यापासून मोजलेली उंची आहे. इशारा आणि धोका यांच्यात तीन मीटरचा फरक आहे. तीन मीटर म्हणजे जवळजवळ दहा फूट. एका माणसावर दुसरा माणूस उभा केला तर साधारण एवढं होतं. ऑगस्ट २००६ मध्ये नांदेडला फार मोठा पूर आला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये पण मराठवाड्यात खूप पाऊस झाला, जायकवाडीतून पाणी सुटलं आणि आपल्या गंगेला पूर आला. तो मी स्वतः पाहिला आहे. पाण्यात अख्खी बाभळ वाहत चालली होती, मुळासकट.

इथं एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. इशारा पातळी आणि धोका पातळी ही काठावरच्या घरांसाठी आणि शेतांसाठी असते. नावेसाठी धोका त्याच्या खूप आधी सुरू होतो. पाणी घरात शिरलं नाही म्हणजे नाव सोडायला हरकत नाही, असं समजू नका. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा धक्का दुप्पट होत नाही, चौपट होतो. एवढ्या पाण्यात वल्हं चालत नाही.

आबा पाणी असं ओळखतात :

१) काठावर पाण्याच्या कडेला एक काडी रोवायची. अर्ध्या तासानं बघायची. काडी पाण्यात गेली तर पाणी चढतंय.

२) पाण्याचा रंग बघायचा. एकदम गढूळ झालं, फेस आला, काटक्या आणि पाचोळा वाहत आला, म्हणजे वरून नवं पाणी आलं.

३) पाण्याचा आवाज ऐकायचा. पुलाच्या खांबाला पाणी घासून खळखळ करू लागलं की धार वाढली.

४) सगळ्यात आधी सरपंचांना, तलाठ्यांना किंवा बंधाऱ्यावरच्या लोकांना विचारायचं, "आज पाणी सोडणार का?" आबा म्हणतात, "इचारायला पैसे पडत नाहीत."

वारा

दुसरा धोका वाऱ्याचा. पाणी चढताना वेळ मिळतो, पण वारा वेळ देत नाही.

आपल्याकडं चैत्र-वैशाखात वळवाचा पाऊस येतो. दिवसभर फार तापतं. दुपारनंतर हवा अगदी बंद पडते. मावळतीला किंवा दुसऱ्या कोणत्या बाजूला ढग उंच वाढतो. त्या ढगात पाऊस पडायला लागला की थंड हवा जोरात खाली येते. जमिनीवर आपटून ती चारी बाजूंनी पसरते. घागर ओतली की पाणी अंगणात कसं पसरतं, तसंच. म्हणून पावसाच्या आधी एकदम गार झोत येतो आणि धुळीचा लोट दिसतो. आपण खूष होतो, कारण गार वाटतं. पण नावाड्यासाठी तो झोत म्हणजेच धोका. तो आला तेव्हा नाव मधोमध असेल तर काठावर यायला वेळ राहत नाही.

आता कळलं ना, आबा "पान हलंना म्हणूनच नाही" असं का म्हणले ते? उकाडा, बंद हवा आणि उंच ढग या तीन गोष्टी एका वेळी दिसल्या होत्या.

वारा किती आहे हे यंत्र नसताना पण कळतं. इंग्लंडच्या आरमारात ब्यूफोर्ट नावाचे अधिकारी होते. त्यांनी १८०५ साली वाऱ्याची ० ते १२ अशी मोजणी ठरवली. ती आजही सगळ्या जगात वापरतात. गुरुजींनी ती सांगितली, मी ती आपल्या गावाच्या भाषेत लिहिली :

चुलीचा धूर नुसता तिरपा जातो : ताशी १ ते ५ किलोमीटर.
लिंबाची पानं सळसळतात : ताशी ६ ते ११ किलोमीटर.
पानं सारखी हलतात, देवळावरचं हलकं निशाण फडकतं : ताशी १२ ते १९ किलोमीटर.
धूळ आणि कागद उडतात, लहान फांद्या हलतात : ताशी २० ते २८ किलोमीटर.
लहान झाडं डोलतात : ताशी २९ ते ३८ किलोमीटर.
मोठ्या फांद्या हलतात, छत्री धरवत नाही : ताशी ३९ ते ४९ किलोमीटर.

आबांचा नियम असा की धूळ उडायला लागली की लहान नाव सोडायची नाही. त्या वेळी पाण्यावर जागोजागी पांढरा फेस दिसतो. रेडिओवर किंवा मोबाईलवर "ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाने वारे" असा इशारा आला तर त्या दिवशी नावेचं नावच काढायचं नाही. विजेसाठी "दामिनी" नावाचं मोबाईलवरचं ॲप आहे. ते पुण्याच्या संस्थेनं केलं आहे. जवळ वीज पडण्याचा धोका असेल तर ते सांगतं. नावेत बसलेला माणूस उघड्या पाण्यावर सगळ्यात उंच असतो, म्हणून विजेचा पण धोका असतो.

आणखी दोन गोष्टी आहेत. पहिली, पाणी जितकं लांब-रुंद, तितकी लाट मोठी. बंधाऱ्यामुळं आपल्याकडं फुगवट्याचं पाणी पसरलेलं आहे. वाऱ्याला पळायला मोकळं रान मिळतं आणि लाटा वाढत जातात. दुसरी, आपली गंगा मावळतीकडून उगवतीकडं वाहते. वारा उगवतीकडून आला आणि धार जोरात असली तर दोघांची टक्कर होते. मग लाटा उभ्या राहतात. तेवढाच वारा धारेबरोबर असला तर लाटा लहान असतात. म्हणून वारा किती आहे एवढंच नाही, कुठून आहे ते पण बघायचं.

वजन

तिसरा धोका आपण स्वतः आणतो. तो वजनाचा. तुम्ही घरी हा प्रयोग करा. परातीत पाणी घ्या. त्यात एक रिकामी डबी नाव म्हणून सोडा. तिच्यात दोन-तीन खडे ठेवा आणि बाजूनं फुंकर मारा. डबी हलेल पण तरंगेल. आता काठ पाण्याला टेकेपर्यंत खडे भरा आणि तेवढीच फुंकर मारा. एक लाट आत गेली की खेळ संपला. मी हा प्रयोग सहा वेळा केला. भरलेली डबी पाच वेळा बुडाली.

आबा म्हणतात, नावेचा काठ पाण्याच्या वर निदान दीड वीत राहिला पाहिजे. माणसं मधे आणि खाली बसली पाहिजेत. उभं राहायचं नाही. फोटो काढायला सगळ्यांनी एका अंगाला जायचं नाही.

खरे प्रसंग

गुरुजींनी तीन प्रसंग सांगितले. ते वाचून घाबरू नका, पण विसरू पण नका.

२१ मे २०२४ रोजी संध्याकाळी उजनी धरणाच्या पाण्यात एक बोट उलटली. ती करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीला चालली होती. अचानक वादळी वारा सुटला. सात जणांपैकी एक जण पोहत काठाला आला. सहा जण बुडाले. त्यांत दोन लहान लेकरं होती. तिथली माणसं पण आपल्यासारखीच लांबचा फेरा वाचवायला बोटीनं जात होती.

१४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्यात झुंज इथं वर्धा नदीत होडी उलटली. ११ जण बुडाले. होडी लहान आणि माणसं जास्त होती.

तिसरा प्रसंग आपल्याच गंगेवरचा आहे. आपली गंगा पुढं तेलंगणात आणि आंध्र प्रदेशात जाते. तिथं कच्चुलुरू गावाजवळ १५ सप्टेंबर २०१९ रोजी पर्यटकांची मोठी बोट बुडाली. नदीला पुराचं पाणी होतं. ४० पेक्षा जास्त माणसं गेली. वाचलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या अंगात लाइफ जॅकेट होतं. म्हणजे मोठी बोट असली, इंजिन असलं, तरी पूर तो पूर.

आबांनी सांगितलेलं

लग्नाच्या नंतर मी आबांना विचारलं, "आबा, त्या दिवशी वारा आला नाही. मग तुमचं चुकलं ना?"

आबा जाळं विणत होते. म्हणले, "आला नाही ते बरंच झालं की गं."

मग थोड्या वेळानं त्यांनी सांगितलं. आबा चौदा वर्षांचे होते तेव्हा त्यांचे वडील नाव चालवायचे. तेव्हा हा बंधारा नव्हता. असाच वैशाख होता, असाच ढग होता. माणसं बाजाराहून आली होती आणि म्हणत होती, "एवढ्यात तर पोचतो, सोडा की." आबांच्या वडिलांना कुणाला नाही म्हणता येत नसे. त्यांनी नाव सोडली. पल्याड थोडं राहिलं आणि वारा आला. नाव पालथी झाली. बाकीच्यांनी पालथ्या नावेला धरलं, म्हणून ते वाचले. आबांची धाकटी बहीण वाचली नाही. ती माझ्याएवढी होती. तिचंच नाव माझ्या आत्याला ठेवलं आहे. हे मला आधी माहीत नव्हतं.

आबा म्हणले, "लेकरा, वल्हं मारायला चार दिसात येतं. नाही म्हणायला लई वर्षं लागतेत."

दुसऱ्या दिवशी मी ते मायला सांगितलं. माय काही बोलली नाही. संध्याकाळी तिनं आबांसाठी शेवयाची खीर केली.

लक्षात ठेवा

१) पाणी, वारा आणि वजन. तिन्हीतलं एक बिघडलं तरी नाव नाही.

२) नावेत बसताना लाइफ जॅकेट घाला. मागून घ्या, लाजू नका. ते नसेल तर त्या नावेत बसू नका.

३) मधेच वारा आला तर खाली बसा. नावेचं तोंड लाटेकडं ठेवावं. लाट बाजूनं लागली तर नाव पालथी होते. जवळचा काठ धरावा, ठरलेला काठ नाही.

४) नाव पालथी झाली तर नावेला धरून राहा. पालथी नाव पण बहुतेक तरंगते. काठ जवळ दिसतो, पण असतो लांब.

५) कुणी बुडत असेल तर मागं उडी मारू नका. दोर, बांबू किंवा झाकण लावलेला रिकामा डबा फेका आणि मोठ्यांना हाका मारा. ११२ नंबरला फोन करा.

६) कुणी "आज नाव नाही" म्हणलं तर त्याला भित्रा म्हणू नका.

सांगा पाहू

१) ५०० क्युसेक पाणी म्हणजे दर सेकंदाला साधारण किती घागरी?
२) नांदेडला पाऊस नसताना गंगेला पूर कसा येतो?
३) तुमच्या घरासमोरच्या झाडाकडं बघून आत्ताचा वारा किती आहे ते लिहा.

उत्तरं वहीत लिहून मला दाखवा. मी आबांना दाखवीन.

शेवटचं एक सांगते. परवा सुट्टीत आमच्या वर्गातली चार-पाच मुलं थर्माकोलच्या तराफ्यावर बसायला निघाली. मला पण बोलावलं. पाणी गढूळ होतं आणि काटक्या वाहत होत्या. मी म्हणले, "आज नाव नाही." ती म्हणाली, "ही नाव कुठं हाय, हा तर तराफा हाय." मी म्हणले, "मग आज तराफा नाही." ती मला भित्री म्हणाली. पण गेली नाहीत, कारण मी तराफ्यावर बसून राहिले आणि उठलेच नाही.

त्या दिवशी पण काही झालं नाही. सगळे घरी जाऊन जेवले.

— इयत्ता चौथीतील एक विद्यार्थिनी
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा